व्याख्यानानंतरचा सवाल

थिऑसॉफिकल सोसायटी अड्यारला आली ती मुंबईहून, हे आज अड्यारमध्ये फारसं कुणाला आठवत नाही. कर्नल हेन्री ऑल्कट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईत उतरले ते हरिश्चंद्र चिंतामणी यांच्या भरवशावर. हरिश्चंद्र हे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर आणि तिथल्या आर्यसमाजाचे अध्यक्ष. स्वागत थाटात झालं, गिरगावात राहण्याची सोय झाली आणि मग यजमानांनी पाहुण्यांच्या हाती घरभाड्यापासून सगळ्या पाहुणचाराचं बिल ठेवलं. ऑल्कटने आपल्या आठवणींत हा प्रसंग चांगलाच रंगवला आहे. पण तो रुसून बसला नाही. बरोबर पाच आठवड्यांनी, २३ मार्चला, धोबी तलावावरच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने आपलं हिंदुस्थानातलं पहिलं जाहीर व्याख्यान दिलं. परक्या शहरात आपली ओळख करून द्यायची तर व्याख्यान द्यायचं, ही त्या काळची रीतच होती. डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीने मुंबई सोडली आणि ती अड्यार नदीच्या दक्षिण तीरावरच्या हडलस्टन गार्डन्स या बागबंगल्यात कायमची राहायला गेली.

मी गेली कित्येक वर्षं या बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. विद्यापीठांनी आणि विद्वत्संस्थांनी आपलं संशोधन भिंतींबाहेर आणावं, लोकांसमोर मांडावं, त्यावर वाद होऊ द्यावा, ही कल्पना या परिसरात वेगवेगळ्या रूपांत नांदत आली आहे. तिच्याकडे मराठी डोळ्यांनी पाहिलं की मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्याकडे व्याख्यान रुजलं, चांगलं घट्ट रुजलं. पण त्याच्या जोडीने यायला हवा होता तो श्रोत्याचा सवाल मात्र वाटेतच कुठेतरी गळाला. तो कुठे गळाला हे शोधताना अड्यार आणि पुणे या दोन गावांमध्ये बरीच ये-जा करावी लागते.

ऑल्कटला मुंबईत श्रोते आयते मिळाले, त्याला कारण होतं. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक साहित्य व शास्त्र मंडळी काढली होती. तिची वैठक सुरुवातीला इंग्रजीतली. पण त्याच वर्षी तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, कारण इंग्रजी न शिकलेल्यांपर्यंत पोचायचं होतं. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, म्हणजे आपले व्याकरणकार. गुजराती शाखेत तरुण दादाभाई नौरोजी व्याख्यानं देत. मराठी सभेचे निबंध ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकात येत; ते १८५० पासून सतराएक वर्षं चाललं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. म्हणजे विद्यापीठाने ज्ञान बाहेर नेण्याआधीच विद्यार्थ्यांनी ते बाहेर नेलं होतं, तेही लोकांच्या भाषेत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपण ‘विद्यापीठ समाजापर्यंत पोचतं’ असं म्हणतो, तेव्हा आधी विद्यापीठ आणि मग समाज असं गृहीत धरलेलं असतं.

आता पुणे. १८७० मध्ये तिथे शंकराचार्यांच्या समोर विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला. एका बाजूला विष्णुशास्त्री पंडित आणि सुधारक, दुसऱ्या बाजूला सनातनी शास्त्री. कित्येक दिवस वाद चालला, पंचांचा कौल सुधारकांच्या विरुद्ध गेला. शास्त्रार्थाचं एक वैशिष्ट्य असं की त्यात पूर्वपक्षाशिवाय पान हलत नाही. विरोधकाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग खोडायचं. पण निवाडा करायचा तो शास्त्र्यांनी. गावाने लांबून ऐकायचं.

पाचच वर्षांनी, १८७५ साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. (योगायोग म्हणजे त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी निघाली.) त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दयानंद सरस्वतींची पुण्यात व्याख्यानं झाली. ती संपल्यावर त्यांची मिरवणूक निघाली, तीत रानडे आणि जोतीराव फुले सामील झाले, आणि विरोधकांनी गाढवाची प्रतिमिरवणूक काढली. या दोन तारखा, १८७० आणि १८७५, शेजारी ठेवल्या की मला वाटतं, रानड्यांनी पंचच बदलले. शास्त्र्यांसमोर हरलेला दावा त्यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी कारकून, वकील, शिक्षक, विद्यार्थी यांच्यासमोर नेला. माणसं दमाने, महिनाभर, रोज नवा विषय ऐकतील तर हळूहळू त्यांचं मत बनेल, असा हा न्यायाधीशाचा हिशेब असावा. हा माझा तर्क आहे. पण रानड्यांच्या एकूण कामाशी तो जुळतो.

यात एक गोष्ट मात्र सुटली. नव्या रचनेत पूर्वपक्षाला जागा नव्हती. एक वक्ता, एक अध्यक्ष, समोर श्रोते. शास्त्रार्थातला प्रतिपक्ष गेला आणि त्याच्या जागी टाळी आली.

आणि श्रोत्यांत कोण नव्हतं, हेही पाहायला हवं. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण फुल्यांना दिलं. फुल्यांनी ते नाकारणारं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की जी माणसं शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांत आणि पुस्तकांत आमच्या प्रश्नांची उत्तरं सापडायची नाहीत. आम्हीच आमचा विचार करू. मराठीतल्या विद्वत्सभांच्या इतिहासातला हा सगळ्यात टोकदार प्रश्न सभेत न जाता, सभेबाहेरून, टपालाने विचारला गेला. आत तो विचारायला जागा होती कुठे?

फुल्यांच्या या वर्तुळातून अड्यारकडे जाणारी एक वाटही आहे. मुंबईचे तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक ‘एक हिंदू’ या नावाने लिहिलं. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये फुल्यांनी काढली. हेच पडवळ पुढे कट्टर थिऑसॉफिस्ट झाले. तुकारामाच्या गाथेपासून उपनिषदांपर्यंत कितीतरी ग्रंथ त्यांनी छापून स्वस्तात लोकांच्या हाती दिले. जातिभेदावर कोरडे ओढणारा माणूस वेदान्ताच्या छपाईत रमला, याचं काही अभ्यासकांना नवल वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. जे ज्ञान मूठभरांच्या कपाटात आहे ते बाजारात आणायचं, हा धागा दोन्हींत एकच आहे.

अड्यारला सोसायटीचं अधिवेशन डिसेंबरच्या अखेरीस भरू लागलं. काँग्रेसही तेव्हाच भरे. कारण साधं होतं. नाताळात कोर्ट-कचेऱ्या बंद, आगगाड्या सुरू, आणि इंग्रजी शिकलेला वर्ग मोकळा. अड्यारच्या १८८४ च्या अधिवेशनानंतर सतरा जण मद्रासमध्ये दिवाणबहादूर रघुनाथरावांच्या घरी जमले आणि तिथेच काँग्रेसची कल्पना निघाली, असं ॲनी बेझंट यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं. इतिहासकारांना ते सगळं पटलेलं नाही. पण रघुनाथराव हे नाव आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले, सर टी. माधवरावांचे चुलतभाऊ, इंदूरचे दिवाण, आणि सोसायटीच्या मद्रास शाखेचे अध्यक्ष. विधवाविवाहाचा कैवार ते शास्त्राधारे घेत. १८८७ च्या डिसेंबरात काँग्रेस मद्रासला भरली तेव्हा तिच्याबरोबर सामाजिक परिषदेची पहिली बैठक झाली. अध्यक्ष माधवराव, आणि पुढाकार रघुनाथराव व रानडे यांचा. पुण्याची व्याख्यानमाला काढणारा आणि अड्यारच्या व्याख्यानांत वावरणारा अशी ही दोन माणसं एका मांडवात आली ती मद्रासमध्ये. दोघे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलले असतील, हा प्रश्न मला उगाच छळतो. व्यासपीठावर अर्थात इंग्रजी.

बेझंटबाई १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या, १९०७ मध्ये सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या वक्तृत्वाची ख्याती इतकी होती की अड्यारच्या त्या अजस्र वडाखाली त्यांचं भाषण असलं की शहरातून लोक येत. या वडाचं मूळ खोड १९८९ च्या वादळात पडलं. पारंब्यांचं रान अजून उभं आहे. बाईंच्या पूर्वायुष्याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. लंडनच्या नास्तिक आणि सेक्युलर मंडळ्यांत त्या घडल्या होत्या. तिथे व्याख्यान झालं की विरोधकाने उठून बोलायचं हा शिरस्ताच होता. पाद्र्यांशी जाहीर वाद घालण्यात त्यांची जवानी गेली. अड्यारला येईतो त्या गुरू झाल्या होत्या, समोर शिष्य होते. बाई त्याच, आवाज तोच. बदलला होता श्रोता. इतका मोठा वक्ता आणि इतका नम्र श्रोता एकत्र आले की सवाल कोण करणार?

त्याच बागेच्या कडेला एक वेगळी गोष्ट घडत होती, तिला फारशी प्रसिद्धी नाही. १८९४ मध्ये ऑल्कटने तिथे पंचम म्हटल्या जाणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. १८९८ मध्ये तमिळ विचारवंत अयोत्तिदास पंडित ऑल्कटकडे गेले आणि आम्ही मूळचे बौद्ध आहोत, आमचा धर्म आम्हाला परत मिळवायला मदत करा, असं म्हणाले. वडाखालच्या व्याख्यानांत जिज्ञासा आणि भक्ती होती. अयोत्तिदासांनी आणला तो मात्र खरा पूर्वपक्ष होता, आणि तोही फुल्यांच्या पत्रासारखा मांडवाच्या बाहेरूनच आला.

१९१६ साल या दृष्टीने फार बोलकं आहे. त्या वर्षी होमरूलच्या दोन चळवळी निघाल्या. टिळकांची एप्रिलमध्ये बेळगावला, बेझंटबाईंची सप्टेंबरमध्ये मद्रासला. मद्रासची घोषणा झाली ती आर्मेनियन स्ट्रीटवरच्या गोखले हॉलमध्ये. बाईंनी तरुणांसाठी बांधवलेल्या या सभागृहाला नाव दिलं होतं आदल्या वर्षी वारलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. बाईंची भाषणं इंग्रजीत, टिळकांची मराठीत. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारने टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. खटल्यात जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. गुप्त पोलिसांनी लघुलिपीत टिपलेली मराठी भाषणं आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं यांचा कीस त्यात पडला. ही भाषणं एकंदर ऐकून सामान्य श्रोत्याच्या मनावर काय ठसा उमटला असता, हा कोर्टापुढचा प्रश्न होता. मला यातली गंमत वाटते ती अशी की आपल्या व्याख्यानांच्या इतिहासात मराठी श्रोत्याला काय समजलं याची इतकी बारकाईने चौकशी केली ती सरकारी वकिलांनी.

याच सुमारास अड्यारला राष्ट्रीय विद्यापीठ उभारण्याचा प्रयत्न झाला. कुलपती रवींद्रनाथ ठाकूर. १९१९ मध्ये ते मद्रासला आले, आणि भारतीय संस्कृतीचं केंद्र भारतीय शिक्षणाला कसं मिळावं यावरचं त्यांचं व्याख्यान अड्यारच्याच राष्ट्रीय शिक्षण मंडळाने पुस्तकरूपात छापलं. तेही इंग्रजीतच. विद्यापीठ काही टिकलं नाही.

इथवर मी श्रोत्याच्या मौनाविषयी बोलत आले. पण मराठी माणूस मुळात गप्प बसणारा नाही, आणि त्याचा पुरावा गंमत म्हणजे तमिळ मुलुखात सापडतो. तंजावरच्या मराठ्यांच्या मागोमाग या प्रांतात आपल्या दोन बोलत्या कला आल्या. पहिली कीर्तन. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरला येऊन राहिले, आणि त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी (१८४७–१९०३) तमिळ हरिकथेचं आजचं रूप घडवलं. अजूनही इथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं जशीच्या तशी ऐकू येतात. मैलापूरच्या एखाद्या सभेत तमिळ भागवतर ‘साकी’ म्हणतात तेव्हा शेजारच्या मामींना त्याचं काही वाटत नाही, माझा मात्र कान टवकारतो. कीर्तन ही ऐकण्याची शाळा आहे. बुवा उभा, श्रोते बसलेले. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात कथा. सभेत तासन्‌तास बसून एका माणसाचं बोलणं मन लावून ऐकायची सवय मराठी माणसाला लागली ती इथे. रानड्यांना वसंत व्याख्यानमालेसाठी श्रोते तयार मिळाले याचं श्रेय मी गावोगावच्या कीर्तनकारांना देईन. प्रार्थना समाजात ते स्वतः तुकारामाच्या अभंगांवर निरूपण करत, हे इथे आठवावं.

दुसरी कला लावणी. तमाशातली शृंगारिक लावणी नव्हे. कलगी आणि तुरा या दोन पक्षांतली सवाल-जवाबाची लावणी. शक्ती थोर की शिव, प्रकृती आधी की पुरुष, यावर रात्र-रात्र डफ-तुणतुण्यावर शाहीर भिडायचे. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने ते सोडवून वर नवं घालायचं. हीही तंजावरला पोचली, तमिळ झाली, आणि नावही ‘लावणी’च राहिलं. आपल्या होळीच्या सुमाराला तिथे कामन पंडिगै हा सण असतो. तेव्हा दोन पक्ष समोरासमोर बसतात. शंकराने मदनाला जाळलं म्हणणारा ‘एरिंद कट्चि’, म्हणजे जळाला पक्ष, आणि तो जळालाच नाही म्हणणारा ‘एरियाद कट्चि’. दोघे डफावर गात पुराणांतले दाखले एकमेकांच्या अंगावर फेकतात. गाणारे आणि ऐकणारे, दोन्ही साधे गावकरी.

म्हणजे शिदोरीत दोन्ही होतं, ऐकणं आणि भांडणं. आधुनिक व्याख्यानाने कीर्तनाचा वारसा उचलला, लावणीचा टाकला. लावणी टाकण्यामागे कारणं उघड आहेत. ती गाणारे कोण, ऐकणारे कोण, कुठल्या वस्तीतले, हे एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा पुण्याला पक्कं ठाऊक होतं. सत्यशोधकांनी मात्र आपले जलसे त्याच मातीतून काढले, पुढे आंबेडकरी जलसेही. तिथे गणाच्या जागी नवा गण, आणि मग रोखठोक संवाद. व्याख्यानमाला आणि जलसा या दोन समांतर नद्या आपल्याकडे शतकभर वाहिल्या, त्यांचे संगम थोडे.

तमिळ लोकांनी ही जागा वेगळ्या तऱ्हेने भरून काढली आहे. पट्टिमन्ड्रम नावाचा प्रकार इथे अफाट लोकप्रिय आहे. दोन संघ, एक नडुवर म्हणजे मध्यस्थ, आणि एखादा वादविषय. कारैक्कुडीच्या कंबन कळगमने, जी १९३९ साली सा. गणेशन यांनी काढली, कंबरामायणातल्या पात्रांवर असे वाद लावून ही रीत गाजवली. आज पोंगलच्या सकाळी टीव्हीवर पट्टिमन्ड्रम नसेल तर सणाला चव नाही. त्यात विनोदाचा मसाला फार झाला, अशी तक्रार इथले जाणकार करतात, आणि ती खरी आहे. तरी तीन पिढ्यांचं कुटुंब पानावर बसून दोन बाजू ऐकतं, कुठली बाजू वरचढ यावर आपसात हुज्जत घालतं, हे पाहिलं की मला आपल्या व्याख्यानमालेच्या तिसऱ्या रांगेतली जांभई आठवते.

विद्यापीठाने बाहेर जायचं ही रीतसर योजना केंब्रिजने १८७३ मध्ये सुरू केली. तिचा जनक जेम्स स्टुअर्ट. त्याची हकीकत प्रश्नाच्या दृष्टीने मोठी सुरस आहे. १८६७ मध्ये तो उत्तर इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मंडळांपुढे खगोलशास्त्रावर व्याख्यानं देत होता. तरुण प्राध्यापकाच्या प्रश्नांना बायकांनी तोंडी उत्तरं देणं शोभणार नाही असं ठरलं, म्हणून त्याने प्रश्न छापून वाटले आणि उत्तरं टपालाने मागवली. पुढे रॉचडेलच्या सहकारी कामगारांपुढे बोलताना त्याने भिंतीवर लावलेल्या आकृत्या एकदा तशाच ठेवल्या. पुढच्या आठवड्यात आला तर कळलं, कामगार त्या आकृत्यांसमोर जमून चर्चा करताहेत आणि त्यांना काही विचारायचंय. तिथून त्याने व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग ठेवायला सुरुवात केली. संकोच आणि विसरलेले तक्ते, यांतून विद्यापीठीय विस्ताराचा गाभा तयार झाला.

आपल्याकडे हीच कल्पना ‘बहिःशाल शिक्षण’ या नावाने आली. शाळेच्या बाहेरचं ते बहिःशाल. शब्द बोजड, अर्थ नेमका. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाने, डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला म्हणून, हे विद्यापीठ दरवर्षी महाविद्यालयांमार्फत गावोगाव व्याख्यानं घडवतं. तालुक्याच्या ठिकाणी, कधी त्याहूनही लहान गावात, मंदिराच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या पटांगणात माणसं जमतात. इतक्या खालपर्यंत गेलेली विद्यापीठीय व्याख्यानयोजना देशात थोडीच असेल. याबद्दल महाराष्ट्राला अभिमान हवा, आणि आहेही. पण कार्यक्रमाचा आराखडा पाहावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार, राष्ट्रगीत. (इथे चेन्नईत शालीला पोन्नाडै म्हणतात, बाकी क्रम तोच.) या माळेत सवालाचा मणी ओवायला दोरा उरतच नाही. वक्त्याची शेवटची एसटी साडेनऊची असते, हेही खरंच आहे. पण शेतीवर, पाण्यावर, औषधांवर शहरातून संशोधन घेऊन आलेल्या माणसाला ज्याच्या शेतावर ते लागू व्हायचं आहे त्यानेच काही विचारलं नाही, तर संशोधकही कोराच परत जातो. नुकसान एकट्या गावाचं होत नाही.

अड्यारच्या वडाखाली या बाबतीत दोन दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २८ डिसेंबर १९२५ रोजी, सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवात, तरुण जे. कृष्णमूर्ती तिथे बोलत होते. जगद्गुरूविषयी बोलताना ‘तो येईल’ असं म्हणता म्हणता ते एकाएकी ‘मी’ म्हणाले, आणि कित्येक श्रोत्यांना वाटलं की अवतार झाला. कुणी हात वर केला नाही. १९२९ मध्ये कृष्णमूर्तींनी आपल्याभोवती उभारलेला संघ स्वतःच विसर्जित केला. बेझंटबाई सप्टेंबर १९३३ मध्ये वारल्या, आणि त्याच हिवाळ्यात कृष्णमूर्ती पुन्हा अड्यारला बोलायला आले. या खेपेस त्यांनी श्रोत्यांचे प्रश्न घेतले. आठ वर्षांपूर्वी जिथे लोक थरारून गप्प बसले होते त्याच आवारात आता लोक त्यांना उलट विचारत होते. तुम्ही गुरू नाही, तर मग बोलता कशाला? अशा धाटणीच्या शंकांना त्यांनी आयुष्यभर तोंड दिलं. पुढे नदीपलीकडच्या वसंत विहारमध्ये ते दर हिवाळ्यात बोलत राहिले. त्यांचं शेवटचं जाहीर व्याख्यान तिथेच ४ जानेवारी १९८६ रोजी झालं. कृष्णमूर्तींच्या सांगण्याशी माझं फारसं जमत नाही. पण वडाखालच्या मौनातून प्रश्नाकडे एका माणसाने केलेला हा प्रवास मला मोठा वाटतो.

आज अड्यारला लागून तरमणीत गणितीय विज्ञान संस्था आहे. तिचं मूळही एका घरगुती व्याख्यानसत्रात आहे. अल्लाडी रामकृष्णन हे मैलापूरच्या आपल्या ‘एकाम्र निवास’ या घरी विद्यार्थ्यांसाठी सैद्धांतिक भौतिकीचं सत्र चालवत. हे घर त्यांच्या वडिलांचं, म्हणजे राज्यघटनेच्या मसुदा समितीतले अल्लाडी कृष्णस्वामी अय्यर यांचं. १९६० मध्ये नील्स बोर यांनी हे सत्र पाहिलं आणि त्याची जाहीर वाखाणणी केली. ती नेहरूंपर्यंत पोचली. ३ जानेवारी १९६२ रोजी संस्था स्थापन झाली. याच संस्थेने २०१६ पासून संगीत अकादमीच्या सभागृहात ‘सायन्स ॲट द सभा’ हा वार्षिक व्याख्यानांचा दिवस सुरू केला. कल्पना खास मद्रासी आहे. अकादमी १९२८ ची. तिच्या डिसेंबरातल्या सकाळच्या सत्रांत रागलक्षणांवर विद्वानांचे खडाजंगी वाद होत आले आहेत, आणि रसिक ते ऐकायला मुद्दाम येतात. संध्याकाळच्या मैफलीत मृदंगाचं तनि आवर्तनम सुरू झालं की कॉफीला उठणारा श्रोता सकाळी ‘हा निषाद कोणत्या ग्रंथात आहे?’ असं विचारू शकतो. त्याच खुर्च्यांवर बसून गणित आणि जीवशास्त्र ऐकायचं. व्याख्यानं इंग्रजीत असतात, ही माझी जुनी तक्रार इथेही उभी राहते. पण याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० पासून तमिळनाडू विज्ञान मंचात खेडोपाडी तमिळमधून काम केलं, १९८७ च्या भारत जन विज्ञान जत्थ्यात नाटकं-गाणी घेऊन गावं पालथी घातली, हे विसरता येत नाही.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं चालवली. विषय एकच, आधी इंग्रजीत, मग मराठीत किंवा हिंदीत. तिचे संस्थापक जयंत नारळीकर व्याख्यानाला गेले की मुलं सह्यांसाठी वह्या पुढे करत. नारळीकर वहीत सही करत नसत. विज्ञानाचा एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव, असं ते सांगत. उत्तर ते स्वतः लिहीत आणि त्या उत्तराखाली सही असे.